कलाकृतीचे बरेवाईटपण : कलाकृतीत की पाहणाऱ्यात?

पानगळ

कलेविषयीची चर्चा रंगात आली की कोणीतरी ‘शेवटी ज्याची त्याची आवड’ असे म्हणते आणि चर्चा तिथेच मिटते. हे वाक्य ऐकायला उदार आहे, परंतु ते खरे धरून आपण वागत मात्र नाही. एखादा नवा कवी आपली कविता वाचायला देतो, आपण चौथ्या ओळीवर बोट ठेवून ‘ही ओळ काढा’ असे सुचवतो, आणि तो ‘ही तुमची आवड झाली’ असे उत्तर न देता ती ओळ पुन्हा वाचून पाहतो. त्या क्षणी आम्हा दोघांचेही लक्ष माझ्या मनाकडे नसते, ओळीकडे असते.

दुसरे असे की, तरुणपणी डोक्यावर घेतलेली कादंबरी पुढे कधीतरी पोकळ वाटू लागते, तेव्हा ‘माझी आवड बदलली’ एवढेच वाटत नाही. ‘तेव्हा मला हे दिसत नव्हते’ असे वाटते. आवडीत बरोबर आणि चूक असे काही नसेल, तर ‘दिसत नव्हते’ या म्हणण्याला अर्थच उरत नाही.

म्हणून प्रश्न असा : आवडणे आणि चांगले असणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर सर्वांना आवडणारी तरीही वाईट, किंवा कोणालाच न आवडणारी तरीही चांगली, अशी कलाकृती संभवते का? संभवत असेल, तर तिचे चांगलेपण नेमके राहते कुठे? माझा कल असा आहे की बरेवाईटपण बऱ्याच अंशी कलाकृतीतच असते आणि आपण ते कमीअधिक नीट ओळखतो. विरोधी मते अवश्य मांडावीत. शक्यतो उदाहरणासह मांडावीत.

रिकामटेकडा

या विषयावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत निकाल लागावा ही विनंती. मी पुढच्या रांगेत जागा धरून बसलो आहे.

शंकासुर

धागाकर्तीने प्रश्न नेमका विचारला आहे, परंतु कल मला मान्य नाही. दोन माणसांचे एखाद्या दगडाच्या वजनाबद्दल दुमत झाले, तर तराजू आणता येतो, आणि तराजूला त्या दोघांपैकी कोणाचीही ओळख नसते. कलेच्या बाबतीत तराजू म्हणून जे आणले जाते ते म्हणजे आणखी एक माणूस.

अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याला ही अडचण पुरती ठाऊक होती. १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या अभिरुचीविषयक निबंधात त्याने उत्तर असे दिले की, सूक्ष्म संवेदना, शाबूत विवेक, भरपूर सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहांपासून मुक्ती हे पाच गुण असलेल्या रसिकांचे एकमत हाच निकष मानावा. उत्तर मोहक आहे. पण त्याच निबंधात ह्यूम उदाहरणे कोणती देतो ते पाहा. कवी ऑगिल्बी हा महाकवी मिल्टनच्या तोडीचा आहे, किंवा रूपककथाकार बन्यन हा निबंधकार ॲडिसनच्या तोडीचा आहे, असे म्हणणे म्हणजे मातीचा उंचवटा टेनेरीफ बेटावरच्या शिखराएवढा उंच आहे असे म्हणणे होय, असे तो लिहितो. पहिल्या जोडीबद्दलचा निकाल आजही टिकला आहे. दुसऱ्या जोडीचे काय झाले? बन्यनची रूपककथा आजही वाचली जाते आणि ॲडिसन बहुतांशी साहित्येतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरता उरला आहे. ह्यूमच्या पाच गुणांची कसोटी कोणाला लावायची झाली, तर त्याच्या काळात ह्यूमपेक्षा योग्य माणूस क्वचितच सापडला असता. असा माणूस ज्याला उघडउघड डोंगर आणि उंचवटा समजतो, तेथेच उलटापालट होत असेल, तर आपण ज्याला ‘दिसणे’ म्हणतो ते आपल्या काळाचे आणि वर्तुळाचे वळण नाही कशावरून?

खोडरबर

शंकासुर, उदाहरण उत्तम आहे, पण ते तुमच्याच विरोधात जाते असे मला वाटते. ह्यूमच्या बाबतीत ‘उलटापालट झाली’ असे तुम्ही म्हणता तेव्हा, पुढच्या वाचकांना जे दिसले ते ह्यूमला दिसले नाही, असे तुम्ही गृहीत धरता. निव्वळ आवडींची अदलाबदल झाली असती, तर ह्यूमचे काही चुकले असे म्हणण्याचे कारण नव्हते. बन्यनच्या साध्या, बोलीला जवळच्या गद्यातली ताकद पुढच्या समीक्षकांनी वाक्ये समोर ठेवून दाखवली, आणि ती वाक्ये ह्यूमच्या काळातही तीच होती. साधी भाषा म्हणजे अडाणी भाषा हा त्या काळच्या सुशिक्षितांचा पूर्वग्रह होता, म्हणजे ह्यूमने स्वतःच सांगितलेली पाचवी अट त्याच्याकडून पाळली गेली नाही. निकष लावताना माणूस घसरला म्हणून निकष खोटा ठरत नाही.

मी अनेक वर्षे इतरांचे लेखन संपादनासाठी वाचतो. एकाच हस्तलिखितावर दोन अनुभवी संपादक स्वतंत्रपणे खुणा करतात तेव्हा त्यांचे एकूण मत पुष्कळदा वेगळे असते, परंतु खुणा मात्र आश्चर्य वाटावे इतक्या वेळा त्याच परिच्छेदांवर पडतात. एक म्हणतो ‘इथे कंटाळा येतो’, दुसरा म्हणतो ‘इथे लेखक पात्राच्या तोंडून स्वतःच बोलू लागला आहे’. निदान निराळे असते, पण दुखणारी जागा एकच असते.

तिरकस_रेघ

दोन्ही संपादक एकाच प्रकारची पुस्तके वाचून मोठे झाले असतील, तर खुणा जुळणारच. त्यासाठी कलाकृतीतले सत्य कशाला हवे?

मंद्रसप्तक

मी संगीत शिकवते, म्हणून माझ्या बाजूने एक सरळ गोष्ट मांडते. गाणारा बेसूर झाला, तर ते मत नसते. स्वराची कंपनसंख्या मोजता येते. सुरात कच्चे, लयीत डगमगणारे, श्वास अर्ध्यात तुटणारे गाणे ऐकून कोणी भारावला तर भारावो, ते गाणे त्या अंगाने वाईटच आहे. चर्चा एकदम उदात्त पातळीवर नेण्याआधी निदान कारागिरीचा मजला तरी वस्तुनिष्ठ आहे हे मान्य करावे.

तिरकस_रेघ

मंद्रसप्तक, कोणत्या मोजपट्टीने बेसूर? पियानोवरचा शुद्ध गंधार घ्या. ५:४ या नैसर्गिक गुणोत्तराचा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर येतो (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक, पूर्ण सप्तकाचे १२०० सेंट). समान विभागणीच्या बारा स्वरांत तोच गंधार ४०० सेंटवर बसवलेला असतो. म्हणजे तंबोऱ्याच्या हिशेबाने जगातला प्रत्येक नीट लावलेला पियानो सुमारे १४ सेंटने चढा आहे. मग पियानोवरचे सगळे संगीत ‘वस्तुनिष्ठपणे बेसूर’ ठरवायचे का?

मंद्रसप्तक

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. पियानोने सर्व सप्तकांत, सर्व स्वरांना आधार मानून वाजवता यावे म्हणून ती तडजोड जाणूनबुजून पत्करली, आणि तिच्या बदल्यात स्वरसंवादाची एक मोठी सृष्टी मिळवली. ज्या व्यवस्थेत तुम्ही उभे आहात, त्या व्यवस्थेतला स्वर तुम्हाला लागतो की नाही, हा माझा प्रश्न आहे. फ्लॉरेन्स फॉस्टर जेंकिन्स या बाईंनी १९४४ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायन केले. त्यांची ध्वनिमुद्रणे आजही ऐकता येतात. त्या एखाद्या वेगळ्या स्वरव्यवस्थेत गात होत्या असे त्यांच्या कट्टर चाहत्यांनीही कधी म्हटलेले नाही. त्यांना जो स्वर लावायचा होता तो लागत नव्हता, एवढे सरळ आहे. व्यवस्था अनेक असणे आणि व्यवस्थेत चूक करणे अशक्य असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शंकासुर

हा खुलासा मला पटला, पण मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात, मंद्रताई. व्यवस्था निवडण्याचा निकष कलाकृतीत नाही. नियम आधी मान्य केले तर आतल्या चुका मोजता येतात. बुद्धिबळातही वाईट चाल वस्तुनिष्ठपणे वाईट असते, म्हणून बुद्धिबळ हा खेळ चांगला आहे हे सिद्ध होत नाही.

अनुष्टुभ

संस्कृत काव्यशास्त्रात हा वाद फार बारकाईने झालेला आहे, आणि तो वाचला की आपण आज मांडत असलेल्या दोन टोकांच्या मधली जागा दिसू लागते.

पहिली गोष्ट दोषांची. जुने आलंकारिक, म्हणजे काव्यशास्त्रकार, काव्यदोषांच्या याद्या करत, आणि यादी म्हटली की ती सर्वत्र सारखी लागू होणार असे वाटते. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने त्या याद्यांनाच एक अट घातली. श्रुतिदुष्टता, म्हणजे कानाला टोचणारी वर्णरचना, हा दोष शृंगारात खराच दोष आहे; परंतु रौद्रात तीच रचना रसाला पोषक होते. अशा दोषांना त्याने अनित्य म्हटले. याचा अर्थ ‘कोणताही दोष दोष नसतो’ असा त्याने काढला नाही, हे लक्षात घ्यावे. रस कोणता साधायचा आहे ते एकदा ठरले की ती रचना त्याला मारक आहे की पोषक, याचे उत्तर वाचकाच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. म्हणजे गुणदोष एकट्या शब्दात नसतो आणि एकट्या वाचकातही नसतो. अंग आणि अंगी, म्हणजे रचनेचा भाग आणि तो ज्याला पोषक असायचा तो रस, यांच्या नात्यात असतो, आणि ते नाते तपासता येते.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्त या काश्मिरी पंडिताने नाट्यशास्त्रावरील आपल्या भाष्यात रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी काही कलाकृतीची आहेत : जे दाखवले जात आहे ते संभवनीयच वाटत नाही, प्रतीती स्पष्ट होत नाही, मुख्य काय आणि गौण काय याचा पत्ता लागत नाही. काही मात्र सरळ प्रेक्षकाची आहेत. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका ग्रासलेला आहे की समोरच्या भावात तो शिरूच शकत नाही, हे एक विघ्न. रंगमंचावरचा भाव तो आपला खाजगी किंवा त्या विशिष्ट परक्या माणसाचा समजून बसतो, हे दुसरे. प्रयोग फसला तर दोष कोणाचा, हा प्रश्न इथे मोघम राहत नाही. दोन्ही बाजू तपासण्याची यादीच हातात मिळते. ‘मला आवडले नाही’ हे वाक्य या चौकटीत निकाल ठरत नाही, तक्रार ठरते, आणि तक्रारीची चौकशी होऊ शकते.

रिकामटेकडा

अनुष्टुभ, चौकशी समितीचा अहवाल लोकांसमोर येईपर्यंत नाटकाचे प्रयोग बंद झालेले असतील, ही एक व्यावहारिक अडचण नमूद करून ठेवतो.

निळीशाई

तात्त्विक बाजू चालू राहू द्या. मी प्रयोगांतून काय दिसते ते मांडते, कारण त्या निष्कर्षांचा उपयोग दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने करतात.

सॅलगनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकायला आणि हवी ती उतरवून घ्यायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. इतरांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकले होते आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले ते त्यांना दिसत होते. आठही गटांची सुरुवात शून्यापासून झाली, तरी प्रत्येक गटात लोकप्रिय ठरलेली गाणी वेगळी होती, आणि इतरांची पसंती जितकी ठळक दाखवली तितका हा लहरीपणा वाढला. शंकासुर इथे टाळ्या वाजवतील. परंतु निष्कर्षाची दुसरी बाजू अशी की, स्वतंत्र गटात, म्हणजे ज्यांना फक्त गाणी दिसत होती त्यांच्यात, सर्वांत वर आलेली गाणी इतरत्र क्वचितच तळाला गेली आणि तळाची गाणी क्वचितच वर आली. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही होऊ शकत होते.

दुसरा प्रयोग या धाग्याच्या अधिक जवळचा आहे. एखादे चित्र वारंवार नजरेखालून गेले की ते आवडू लागते, हे मानसशास्त्रात जुने आहे. जेम्स कटिंग यांनी दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांवर हे करून पाहिले : पुस्तकांत कमी छापली जाणारी चित्रे विद्यार्थ्यांना अधिक वेळा दाखवली, तेव्हा प्रसिद्ध चित्रांची सरशी राहिली नाही. यावरून अभिजात चित्रांची यादी म्हणजे केवळ सवय, असे म्हणण्याचा मोह होतो. मग २०१३ साली मेस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न फिरवला : ज्या चित्रांना समीक्षक वाईट म्हणतात ती वारंवार दाखवली तर काय होते? त्यांनी थॉमस किंकेड यांची गुळगुळीत, उजेडाने न्हालेली निसर्गचित्रे आणि तुलनेसाठी जॉन एव्हरेट मिले या समीक्षकमान्य चित्रकाराची चित्रे घेतली. किंकेड यांची चित्रे जितकी जास्त वेळा पाहिली तितकी ती कमी आवडू लागली. मिले यांच्या चित्रांबाबत तशी घसरण दिसली नाही. सवयीने सगळेच गोड होत असते, तर असे व्हायला नको होते.

एका प्रयोगावर इमला उभा करू नये हे खरेच. दोनच चित्रकार होते आणि पाहणारे विद्यार्थी होते. तरीही धागाकर्तीच्या ‘तेव्हा मला दिसत नव्हते’ या अनुभवाला इथे एक मोजता येण्याजोगे रूप मिळते, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

तिरकस_रेघ

आवडीची मोजदाद निघालीच आहे तर हेही ऐका. कोमार आणि मेलामिड या दोन चित्रकारांनी १९९० च्या दशकात रीतसर जनमत चाचणी घेऊन लोकांना चित्रात काय हवे ते विचारले आणि बहुमताप्रमाणे चित्र काढून दिले. अमेरिकेच्या वाट्याला आले ते असे : निळे आकाश, निळे पाणी, हरणे, फिरायला आलेली माणसे, आणि या सगळ्यांत उभे असलेले जॉर्ज वॉशिंग्टन. मागितलेले सगळे त्यात आहे. ते भिंतीवर लावण्यासाठी कोणी हट्ट धरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुर्बीण

काळाच्या कसोटीवर विश्वास ठेवणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. काळ परीक्षा घेतो, पण परीक्षेला कोण बसणार हे काळ ठरवत नाही. कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ साली ‘थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत’ असा प्रश्न विचारून उत्तर संस्थांमध्ये शोधले : ज्या काळात नग्न मनुष्यदेहाचा अभ्यास हा मोठ्या ऐतिहासिक चित्रांचा पाया मानला जात होता, त्या काळात कलाशाळा स्त्रियांना त्या अभ्यासवर्गात बसूच देत नव्हत्या. मग स्त्रिया फुलांची चित्रे काढत, आणि फुलांची चित्रे हा कमी दर्जाचा प्रकार आहे, असा ‘वस्तुनिष्ठ’ निकाल तीच मंडळी देत.

संगीतकार बाखचेही तसेच. सेंट मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरची त्याची महारचना मेंडेल्सन या पुढच्या काळातल्या संगीतकाराने १८२९ साली पुन्हा सादर केली आणि तिचे मोठेपण लोकांच्या ध्यानात आले. ही गोष्ट आपण ‘चांगले ते टिकतेच’ याचा पुरावा म्हणून सांगतो. ती स्वरलिपी कोणी रद्दीत काढली असती, तर आपल्याला काय गमावले तेही कळले नसते. टिकलेले बहुतेक चांगले असेल; न टिकलेले वाईट होते असे मात्र मुळीच म्हणता येत नाही.

खोडरबर

दुर्बीण, तुमच्या प्रतिसादातला शब्दन् शब्द मान्य आहे, आणि तरीही त्यातून सापेक्षतावाद, म्हणजे ‘ज्याची त्याची आवड’ हे मत, निघत नाही. त्या स्त्रियांवर अन्याय झाला असे आपण म्हणतो ते कशाच्या बळावर? त्यांच्या चित्रांत जे गुण होते किंवा येऊ शकले असते, ते ओळखले गेले नाहीत किंवा उमलू दिले गेले नाहीत, या बळावर. गुण नावाची गोष्टच निव्वळ सत्ताधाऱ्यांची आवड असेल, तर त्या निकालांना पक्षपाती तरी कसे म्हणणार?

दुर्बीण

खोडरबर, हे म्हणणे मला स्वीकारावे लागेल. माझी हरकत निकष असण्याला नाहीच. ज्यांच्या हाती निकष होता त्यांनी तो आपल्या आवडीचे दुसरे नाव म्हणून वापरला, याला आहे. म्हणून ‘हे वस्तुनिष्ठपणे वाईट आहे’ असे कोणी म्हणाले की मी प्रथम, ‘कोणाच्या तुलनेत, आणि इतर काय काय पाहून?’ असे विचारते.

उंबरठा

कलाकृतीचा नैतिक दोष हा तिचा कलात्मक दोष धरावा का? द्वेषाचा प्रचार करणारा चित्रपट छायाचित्रणात अप्रतिम असू शकतो. त्याला चांगला म्हणायचे का?

पानगळ

उंबरठा, प्रश्न मोठा आहे आणि त्याला स्वतंत्र धागा हवा. इथे एवढेच म्हणेन की, ‘छायाचित्रण अप्रतिम, एकूण चित्रपट घृणास्पद’ असे म्हणताना तुम्ही दोन निराळी मूल्यमापने केली आणि दोन्ही मते म्हणून सोडून न देता ठामपणे केली. वादाची गाडी कृपया मूळ रुळावर ठेवावी.

तिरकस_रेघ

जाता जाता एक माहिती. बॉस्टन परिसरात वाईट चित्रांचे एक संग्रहालय आहे. तिथे मुद्दाम वाईट काढलेली चित्रे घेत नाहीत. चित्रकाराने मनापासून, गंभीरपणे काहीतरी साधू पाहिलेले असावे आणि ते लक्षात राहील इतके फसलेले असावे, अशी अपेक्षा असते. दाखल होऊ पाहणाऱ्या अनेक चित्रांना ते नकार देतात.

रिकामटेकडा

म्हणजे ‘तुमचे चित्र पुरेसे वाईट नाही’ असे पत्र येत असणार. कलावंताला याहून वाईट पत्र येऊ शकत नाही.

अनुष्टुभ

विनोद बाजूला ठेवला तरी त्या संग्रहालयाच्या नियमात मोठी गोष्ट दडली आहे. फसणे दिसण्यासाठी काय साधायचे होते ते चित्रातच दिसावे लागते. मुद्दाम वाईट काढलेले चित्र त्या अर्थाने फसतच नाही.

शंकासुर

आता माझा हुकमाचा पत्ता टाकतो. १९३७ साली हान फान मीगेरेन या डच चित्रकाराने स्वतः रंगवलेले एक चित्र सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या थोर डच चित्रकाराचे म्हणून पुढे आणले. अब्राहम ब्रेडियस या नामांकित तज्ज्ञाने ते व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून गौरवले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते घेतले. युद्धानंतर त्याच्यावर शत्रूला राष्ट्रीय ठेवा विकल्याचा आरोप आला, तेव्हा १९४५ साली त्याने ती चित्रे आपलीच असल्याचे सांगितले आणि खात्री पटावी म्हणून देखरेखीखाली आणखी एक रंगवून दाखवले. त्यानंतर कालचे श्रेष्ठ चित्र हास्यास्पद ठरले. चित्रातला रंगाचा एक कणही बदलला नव्हता. बरेवाईटपण कलाकृतीत असते, तर मधल्या काळात ते कुठून आले आणि कुठे गेले?

खोडरबर

या पत्त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले साधे आहे : ते चित्र आधीपासूनच तितके चांगले नव्हते आणि ब्रेडियसला व्हर्मीर सापडण्याची इतकी इच्छा होती की त्याला ते दिसले नाही. आज त्या चित्राकडे पाहणाऱ्या अनेकांना त्यातले चेहरे व्हर्मीरच्या काळाचे न वाटता १९३० च्या दशकातले वाटतात. समकालीनांना ते जाणवले नाही, कारण तो त्यांच्याच काळाचा चेहरा होता आणि आपल्या काळाची धाटणी आपल्याला धाटणी म्हणून दिसत नाही.

दुसरे उत्तर मला अधिक खोल वाटते. केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञांनी १९७० साली एक कल्पना मांडली. अशी एक संस्कृती समजा जिथे चित्रकला नाही, परंतु ‘गेर्निका’ नावाचा एक कलाप्रकार आहे. त्यातली प्रत्येक कृती पिकासोच्या ‘गेर्निका’ या प्रसिद्ध चित्राच्या आकृत्याच घेते, पण पृष्ठभाग उंचसखल असतो : कुठे टोकदार, कुठे लाटांसारखा. त्या लोकांसमोर पिकासोचे सपाट चित्र ठेवले, तर त्यांना ते थंड, निर्जीव, कदाचित कंटाळवाणे वाटेल, कारण त्यांच्या दृष्टीने आकृत्या ठरलेल्याच आहेत आणि सपाटपणा हाच विशेष आहे. आपल्याला तेच चित्र हिंसक आणि अंगावर येणारे वाटते, कारण चित्र म्हटले की सपाटपणा आपण धरूनच चालतो. रंगाचा कण तोच, प्रत्यय उलटा. इथे सापेक्षतावादी थांबतो. वॉल्टन मात्र पुढे म्हणतात की, कृती कोणत्या प्रकारात पाहायची हे वाटेल तसे ठरत नाही. ती कोणत्या परंपरेत, कोणत्या हेतूने घडली, यावर ते अवलंबून असते, आणि या गोष्टी इतिहासातली तथ्ये आहेत. पिकासोचे चित्र थंड आहे असे म्हणणारा त्या संस्कृतीतला समीक्षक प्रामाणिक असेल, पण त्याचे चुकले आहे.

म्हणून शंकासुर, बरेवाईटपण रंगाच्या कणांत शोधले तर सापडणार नाही हे तुमचे खरे आहे. ते कृतीत आहे, आणि कृती म्हणजे कोणीतरी, कधीतरी, काहीतरी साधण्यासाठी केलेले काम. सतराव्या शतकात प्रकाश तसा पाहायला शिकणे आणि विसाव्या शतकात तो गिरवणे ही दोन कामे आहेत, जरी परिणाम एकाच आकाराच्या कापडावर उमटला तरी.

मंद्रसप्तक

शिकवताना हे रोज दिसते. गुरूच्या गाण्यातली जागा, म्हणजे खास स्वरवळण, हुबेहूब घेणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक करायचे की त्याला थांबवायचे, हे तो शिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते. सूर तेच असतात.

पानगळ

आता मूळ प्रश्नाकडे वळते, कारण मधल्या प्रतिसादांनी त्याचे दोन भाग माझ्यासाठी वेगळे झाले आहेत.

सर्वांना आवडणारी पण वाईट कृती संभवते, याबद्दल मला आता फारशी शंका नाही. निळीशाईंनी सांगितलेला किंकेड यांच्या चित्रांवरचा प्रयोग आणि ब्रेडियसचे प्रकरण दोन्ही एकच गोष्ट दाखवतात : एका विशिष्ट वेळी, विशिष्ट ओढीने पाहणाऱ्या सर्वांना एकाच वेळी न दिसणारे काही कृतीत असू शकते आणि निवांतपणे पुन्हा पाहिल्यावर ते वर येते.

कोणालाच, कधीही, कितीही तयारीने पाहिले तरी न आवडणारी चांगली कृती मात्र मला कल्पनेतही उभी करता येत नाही. खडकाचे वजन जगात एकही माणूस नसताना तेवढेच राहील. कवितेचे चांगलेपण तसे नाही; ते कोणाला तरी प्रतीत होण्याजोगे असावेच लागते. म्हणून मी सुरुवातीला वापरलेले ‘कलाकृतीतच’ हे विधान आता थोडे आवरते घेते : बरेवाईटपण कृतीत आहे ते योग्य तयारीच्या माणसाला येऊ शकणाऱ्या अनुभवाच्या रूपाने.

शंकासुर

एवढे आवरते घेतल्यावर माझे भांडण बरेच कमी झाले, पण संपलेले नाही.

दोष दाखवता येतो हे मी मान्य करतो. हेतू कृतीतच स्पष्ट आहे आणि तो साधलेला नाही, असे बोट ठेवून दाखवता येते. चांगलेपणाचे तसे होत नाही. तत्त्वज्ञ फ्रँक सिब्ली यांनी १९५९ च्या निबंधात हे नेमके मांडले आहे : रेषा बारीक आहे, वळण सावकाश आहे, रंग फिके आहेत, अशा कितीही गोष्टी गोळा केल्या तरी त्यांतून ‘म्हणून हे डौलदार आहे’ हा निष्कर्ष सक्तीने निघत नाही. तीच सगळी लक्षणे असलेले दुसरे चित्र पांगळे असू शकते. निर्दोष आणि मृत अशा कविता आपण सर्वांनी वाचल्या आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही १७९० मध्ये हेच सांगितले होते की, सुंदर म्हणताना आपण सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो, पण सिद्धता देऊ शकत नाही. हक्क सांगण्याला माझी ना नाही. सिद्धता नसताना त्याला वस्तुनिष्ठ म्हणायला मी तयार नाही.

आणि दोन भिन्न प्रकारांतल्या उत्तम कृतींची तुलना, म्हणजे तीन ओळींची परिपूर्ण कविता श्रेष्ठ की हजार पानांची, जागोजागी ढिली पडणारी, तरीही प्रचंड कादंबरी श्रेष्ठ, याला उत्तर आहे असे इथे कोणी म्हणत असेल, तर त्याने ते द्यावे.

अनुष्टुभ

त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते असण्याची गरजही नाही. कृतींची एकच उतरंड लावता येत नाही म्हणून कोणत्याच दोन कृतींत वरखाली ठरत नाही असे होत नाही. त्याच कवीच्या त्याच विषयावरच्या दोन खर्ड्यांत कोणता सरस, हे बहुतेक वेळा निर्विवाद असते.

खोडरबर

शंकासुर, सिब्लींचे अर्धेच म्हणणे तुम्ही दिलेत. सिद्धता निघत नाही असे सांगून ते थांबत नाहीत. समीक्षक प्रत्यक्षात काय करतो तेही ते सांगतात. तो त्या सावकाश वळणाकडे बोट दाखवतो, शेजारच्या रेषेशी त्याची तुलना करतो, ते वळण जरा वेगळे असते तर काय झाले असते ते सांगतो, आणि ऐकणाऱ्याला डौल दिसू लागतो. बोट दाखवून दिसते, आणि दाखवले नसते तर दिसले नसते. एवढे असेल तर मला सिद्धतेची उणीव भासत नाही.

शंकासुर

बोट दाखवल्यावर ज्याला तरीही दिसत नाही, त्याला तुम्ही काय म्हणणार? तयारी कमी आहे असे म्हणणार. किती तयारी झाली म्हणजे त्याच्या नकाराला किंमत येईल, हे आधी सांगितले, तरच तो निकष. नाहीतर जो सहमत झाला तोच तयार, असे वर्तुळ पूर्ण होते.

खोडरबर

ते आधी सांगता येते. त्याच प्रकारातल्या इतर कृतींत त्याला बारीक फरक कळतात का, आणि आज दिलेले कारण तो उद्या अनोळखी कृतीला तसेच लावतो का, एवढे पाहावे. यात या विशिष्ट कृतीबद्दल त्याचे मत काय असावे, हे कुठेच येत नाही. हे दोन्ही ज्याला जमते आणि तरीही ज्याला डौल दिसत नाही, त्याचा नकार मी कृतीविरुद्धचा पुरावा म्हणून नोंदवून घेईन, आणि पुन्हा पाहायला बसेन.

शंकासुर

या अटीवर मी पुढच्या आठवड्यात अशी एक सर्वमान्य कविता घेऊन येतो, जिच्यात मला काहीही दिसत नाही. माझी तयारी आधी तपासून घ्यावी.